एका चुलीचं कुटुंब

आमच्या सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. काही वर्षांच्या अंतराने त्याच घरांत जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि कोण गरिबीतून वर आलं, कोण खाली गेलं ते पाहायचं. वाशीमहून गावोगाव फिरून मी हे काम करत आले. काम अवघड नाही. उन्हाची आणि उलट उत्तरांची सवय लागते.

शेलूबाजारला एक घर होतं. घरचा कर्ता मुलगा पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याची बायको, दोन मुली आणि दम्याची म्हातारी आई. पहिल्या फेरीत हे घर गरीब निघालं, त्यात वाद नव्हता.

दुसऱ्या फेरीला भिंतींना रंग लागला होता. घरात माणसं किती, मी विचारलं.

"चार लिवा, ताई," सून म्हणाली. "बुढी अलग शिजवते."

मागे टिनाच्या आडोशात म्हातारी तीन दगडांवर भांडं ठेवून बसली होती. तिथूनच ओरडली, "मी काई मेली नाई अजून! मले कुठी लिवसान?"

मी जवळ गेले. "काहून अलग झाल्या, मावशी?"

"सुनेचं तिखट सोसत नाई." तिला धाप लागली. मग म्हणाली, "अन् तुमी दर खेपेले काय खाल्लं म्हणून इचारता, आणून तं काई देत नाई."

"तिखटाचं कायले सांगता?" सून तडकली. "ताई, सारी कमाई याईच्या दवाखान्यात जाये. पोरी शिकवू का याईले सुया टोचू?"

तेही खोटं नव्हतं. मुलगा मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत राहिला.

मी म्हातारीला निराधारच्या पगाराचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, अर्ज करायला लावला. रेशनकार्डावर ती अजून मुलाच्याच घरात होती, म्हणून तो अडला. मग वरिष्ठांना विचारलं, हिची वेगळी नोंद घेऊ का? ते म्हणाले, "चूल वेगळी झाली की ते आपलं घर नाही. नवीन घरं वाढवायची नाहीत." मुलाचं घर गरिबीतून बाहेर पडलेल्यांत गेलं. चहाच्या वेळी कोणीतरी म्हणालं, "चला, एक तरी वर आलं."

तिसऱ्या फेरीला आडोशात शेळ्या बांधलेल्या होत्या. काळे दगड कोपऱ्यात सरकवले होते.

"बुढी थंडीत गेली," सून म्हणाली. "सकाळी चाय घेऊन गेली मी, तं उठलीच नाई."

पुढचा प्रश्न विचारणं भागच होतं. मागच्या फेरीनंतर या कुटुंबात कोणी वारलं का?

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगा, ताई. धरता काय त्याईले?"

नियमाने धरता येत नव्हतं. मी 'नाही' असं लिहिलं आणि पुढे गेले. जनावरं?

"दोन शेळ्या."

त्या धरल्या.