तळ्याच्या बाई आणि माझं दुहेरी फडकं

‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य तळ्याच्या बाई म्हणायच्या तेव्हा ताटात आणखी एक पुरणाची पोळी पडावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा. शेवाळ हिरवंच का? ठाऊक नाही. बेडूक उन्हाळ्यात कुठं जातात? थोडं ठाऊक आहे, बाकी नाही. आणि लगेच पुढं, “बघू या की!”

मला मात्र त्या काळी सगळंच ठाऊक होतं. गल्लीतली सातवी पास झालेली मी एकटी सून. पावसापासून पोटदुखीपर्यंत कशावरही माझं मत तयार असे, कुणी विचारायच्या आत. ती सून आज माझ्या ओसरीवर आली तर चहासुद्धा विचारणार नाही तिला मी.

बाई आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आल्या. धाराशिवजवळच्या बेंबळीच्या पुढं आमचं गाव, आणि गावाबाहेर तळं. तळ्यातले बारीक जीव उन्हाळ्यात कमी होतात आणि पाऊस पडला की परत येतात. मधल्या काळात त्यांचं काय होतं, यावर बाईंना मोठा प्रबंध लिहायचा होता. रोज सकाळी साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या पाण्यात उभ्या राहायच्या. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी विचारलंच, “काय गं पोरी, पाण्यात काय हरवलंय का तुझं?”

“हरवलं नाही आत्याबाई, सापडत नाही.”

“मंजी एकच की! नवरा बघ, त्यो तरी सापडंल.”

बाई इतक्या हसल्या की हातातली बाटली तळ्यात पडली.

दुसऱ्या वर्षी ऐन उन्हाळ्यात त्यांचे वडील आजारी पडले. त्यांना दोन महिने जावं लागणार होतं, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांचं पाणी त्यांना हवं होतं. त्यांनी काम माझ्यावर सोपवलं. दर मंगळवारी तळ्याच्या पायरीवर उभं राहून एक बाटली भरायची, पाणी टिकावं म्हणून आयोडीनचे थेंब टाकायचे, बूच घट्ट लावायचं, तारीख लिहायची. “वहिनी, बाकी काही करायचं नाही,” असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. एसटीत बसल्यावर खिडकीतून तिसऱ्यांदा. मला जरा रागच आला. सातवी पास बाईला बाटली भरायला शिकवतात!

आठ मंगळवार मी एकही चुकवला नाही. माहेरी भावाच्या मुलाचं बारसं होतं, तेही सोडलं.

बाई परत आल्या त्या हातपाय न धुताच कामाला लागल्या. त्यांची दुर्बीण, म्हणजे सूक्ष्मदर्शक, खिडकीपाशी असायची. खालच्या आरशावर ऊन पडलं की दिसायचं. बाटलीच्या तळाचा थेंब काचेवर घ्यायचा, बघायचं, लिहायचं. पहिली बाटली झाली, दुसरी झाली. आठवीपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“वहिनी, तळ्यात काहीतरी भयंकर झालंय. एकसुद्धा जीव नाही! कुणी फवारणीचा पंप धुतला का तिथं?”

त्यांनी आपल्या सरांना पत्र लिहायला घेतलं. तळं मेलं आहे, ताबडतोब या. दुपारच्या एसटीनं ते धाराशिवला जाणार होतं. आत्याबाईंनी म्हशी तळ्यावर सोडू नका म्हणून निरोप धाडला.

मी दारात उभी. माझी वाहवा अजून झालेली नव्हती, म्हणून मीच सुरुवात केली. “बाई, घाबरता काय? जीव असतीलच कसे? दुहेरी फडक्यातनं गाळून भरलंय मी पाणी. परक्याच्या घरी जाणारं पाणी, तसंच कसं द्यायचं?”

बाईंचं पेन थांबलं.

“प्रत्येक बाटली?”

“आठच्या आठ!” मी म्हणाले. वर हेही सांगितलं, “फडकंसुद्धा दर वेळी सोड्यात उकळलंय.”

बाईंनी पत्राची घडी केली, तिची आणखी घडी केली, आणि खोलीचं दार लोटून घेतलं. जेवायलाही आल्या नाहीत. आत्याबाई मला म्हणाल्या, “तुला नुस्तं पानी भरायला सांगितलं व्हतं न्हवं?” त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीच मत नव्हतं.

संध्याकाळी दाराशी जाऊन मी हळूच म्हणाले, “बाई, मागच्या वर्षीचे आकडे लिहून टाका. कोण बघतंय?”

“मी बघतेय की वहिनी.”

सकाळी त्यांनीच मला हाक मारली. डोळे सुजलेले होते, पण त्यांत ती पोळी पडल्याची चमक परत आली होती. “चला तळ्यावर. रोजच्यासारखं गाळा. फक्त आज फडकं धुवायचं नाही.”

फडक्यावरचं त्यांनी वाटीत झटकलं, त्यातला थेंब काचेवर घेतला आणि मला दुर्बिणीपाशी बसवलं. आधी माझ्या पापण्याच दिसल्या. मग एक चिमुकला जीव दिसला. कपाळावर एकच डोळा, दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, बाजार करून निघालेल्या बाईच्या हातात असाव्यात तशा.

“ह्याच्याच पोटातून नारू माणसात यायचा,” बाई म्हणाल्या.

माझ्या वडिलांच्या पायातून दोऱ्यासारखा नारूचा जंत निघालेला मी लहानपणी पाहिला होता. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळून ओढायचा, आणि वडील दात आवळून आढ्याकडं बघायचे. तेव्हापासून आईनं पायऱ्यांच्या बारवेचं पाणी गाळल्याशिवाय कुणाच्या तोंडी लागू दिलं नाही. जन्मभर ती ज्याला फडक्यानं अडवत राहिली, तो तिला कधी दिसला नाही. त्याच्याकडं बघत बघतच मी हे सगळं बाईंना सांगितलं, आणि मला उठवेना.

“तुमच्या आईचं बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. “तुमचंही. फक्त माझ्या बाटलीत ते चुकलं.”

त्या चुकीपायी बाई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, अख्खं वर्ष जास्त राहिल्या. प्रबंधात त्यांनी लिहिलं की आठ बाटल्या कापडातून गाळल्या गेल्यामुळं मोजणीत धरलेल्या नाहीत. माझं नाव घातलं नाही. जाताना त्यांतली एक रिकामी बाटली मला दिली, माझ्या अक्षरातल्या तारखेसकट. पुढं पत्रं येत राहिली. मागच्या वर्षी त्यांच्या भाचीचं आलं, बाई गेल्याचं. बाटली अजून माझ्या फडताळात आहे.

परवा माझी नात कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन तळ्यावर आली. त्यांनी रोबो केलाय. ताटाएवढी होडी, आपली आपण फिरते, नळीनं पाणी ओढते आणि त्यातले जीव मोजते. मला खुर्ची टाकून बसवलं. तासाभरानं नात तोंड पाडून आली.

“आजी, आकडा शून्यच येतोय. तळ्यात काहीच नाही.”

“नळीच्या तोंडाला काय बांधलंय गं?”

“बारीक जाळी. शेवाळ अडकू नये म्हणून.”

हसू आवरेना मला. पोरींना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं.

“जाळी धुतलीस?”

“धुतेच आता.”

“धुऊ नकोस. वाटी आण.”

वाटीत जाळी झटकली. चार डोकी वाटीवर वाकली. पाण्यात एक पांढरा ठिपका टुणकन उडाला.

“आजी, हे काय गं?”

बाईंनी सांगितलेलं नाव मला ठाऊक होतं. डोळा, पिशव्या, सगळं ठाऊक होतं. ओठांवर आलेलं मी गिळलं.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणाले. “बघू या की!”