करंगळीचं पेर

आमच्या घरी संध्याकाळच्या जेवणाआधी प्रार्थना व्हायची, आणि ती माझी बायको करायची. घरचा कर्ता मी, शेत माझ्या नावावर, पण प्रार्थना तिची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं हे काम हातात घेतलं आणि मी ते काढून घेतलं नाही. मला मोठमोठ्या शब्दांची प्रार्थना येत नाही. शाळा दुसरीपर्यंत, पुढं ढोरं राखली. आणि जे येत नाही ते मी चार लोकांत करत नाही. पाळकसाहेबांनी मला एकदोनदा उभं करायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, "मी आमेन म्हणतो. तेवढं बराबर म्हणतो." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तिची प्रार्थना काही मोठ्या शब्दांची नव्हती. पण लांब होती. ताटं वाढून व्हायची, वरणाची वाफ बसून जायची, तरी ती अजून पावसापाशीच असायची. आधी पाऊस, मग हळद, मग जनावरं. जनावरांत काळी शेळी वेगळी सांगायची, कारण ती दर वेळी अडून वीत असे. मग शेजारीण आणि तिचे गुडघे. शेजारीण आमच्या धर्माची नाही, एकादशी धरणारी बाई, पण तिच्या गुडघ्यांची रोज आमच्या घरातून विनंती जायची. मग तांड्यावरची म्हातारी, जिनं आमच्या पोरीच्या बाळंतपणात रात्रभर शेक दिला होता. मग वसमतला दिलेली ती पोरगी आणि तिची लेकरं. मग टेम्पो चालवणारा आमचा पोरगा आणि जिंतूरच्या रस्त्यावरची वळणं.

कुणी राहू नये म्हणून ती बोटांच्या पेरांवर मोजायची. उजव्या हातात तर पळी असायची, म्हणून डावा हात मांडीवर ठेवून त्याच हाताचा अंगठा एकेका पेरावर सरकवायची. पहिल्या बोटापासून सुरुवात, करंगळीवर शेवट. ज्याचं पेर त्याची विनंती. काळ्या शेळीलासुद्धा पेर होतं.

आणि त्या प्रार्थनेत ती आम्हाला बोलूनही घ्यायची. "देवबापा, काही मानसं चिखलाच्या चपला घेऊन थेट चुलीपाशी येत्यात, त्यांना बुद्धी दे." आमचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, आता उत्तर कसं द्यायचं? एकदा आमेन झाल्याबरोबर मी म्हणालो, "देवाला काहून सांगतीस? मला सांगायचं."

ती भाकरी मोडत म्हणाली, "तुमाला सांगून झालं होतं."

करंगळीवर खालून दुसरं, म्हणजे मधलं पेर माझं होतं. तिथं ती म्हणायची, "ह्यांच्या डोक्यातला ताव कमी कर." त्याच्या खालचं, अगदी शेवटचं पेर माझ्या धाकट्या भावाचं. "आन धाकल्या भाऊजींना सांभाळ."

तिथं मी खोकायचो.

खोकायचं कारण चिंच. बापानं वाटणी करून दिली तेव्हा दोघांच्या शेताच्या मधल्या धुऱ्यावर ती उभी होती. खोड माझ्या बाजूला, फांद्या त्याच्या बाजूला. एका वर्षी धाकट्यानं मला न विचारता झाडावरची चिंच व्यापाऱ्याला देऊन टाकली. मी म्हणालो, ज्याचं खोड त्याचं झाड. तो म्हणाला, सावलीनं माझं पीक खाल्लं ते कुणी भरून द्यायचं? त्यावरून बोलणं वाढलं आणि मग बोलणं बंदच झालं. खोड माझ्याच बाजूला आहे. ज्याला बघायचं त्यानं आजही येऊन बघावं.

घरं मात्र एकमेकाला लागून, मधी एकच भिंत, तीही बापानं मातीची घातलेली. पलीकडं पेला पडला तरी इकडं कळतं. त्या वर्षी मी घरात सांगून टाकलं की धुऱ्यावरची चिंच या घरात शिजायची नाही. "बरं," बायको म्हणाली. तिच्या हातची आमटी आधी जेवढी आंबट होती तेवढीच पुढंही राहिली. चिंच कुठून येते ते मी विचारलं नाही. जावाजावांचं काय चालतं त्यात पुरुषानं पडू नये.

अशी वर्षं गेली. पोरं मोठी झाली, सून आली, बैलं जाऊन ट्रॅक्टर भाड्यानं यायला लागला. प्रार्थना तीच, पेरं तीच, खोकला तोच.

मग एका वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत हिला लकवा मारला. गावभर हळदीच्या वाफेचा वास, ही सकाळी अंगणात हळकुंडं वाळत घालत होती आणि घालता घालता एका अंगावर बसली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. नांदेडला दवाखान्यात ठेवलं. हिची जाऊ, धाकट्याची बायको, येऊन पाय चेपून गेली. धाकटा फाटकापाशीच उभा राहिला म्हणे. मी काही त्याला बघायला बाहेर गेलो नाही.

तिथं सलाईन लावलेली होती. घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पातळ पेज द्या, गिळणं चांगलं आहे, हळूहळू जेवतील. सुनेनं तांदळाची पेज केली, वाटी घेऊन बसली. हिनं तोंड उघडलं नाही. पाणी पाजलं तर घ्यायची. पेजेचा चमचा ओठाला लागला की ओठ गच्च. सकाळी तसंच, दुपारी तसंच. दुसऱ्या दिवशीही तसंच.

सून मला मामा म्हणते, हिला आत्या. ती बाहेर येऊन म्हणाली, "मामा, आत्या तोंडच उघडून नाही राहिल्या. पानी घेत्यात, मंग पेज काहून घेत न्हाईत?"

पोरानं फोनवर डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत बघा, नाहीतर परत आणा, नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव ऐकून हिनं डोळे मिटून घेतले. ऐकू तर सगळं येत होतं. मला तिथं बसवेना. बाहेर जाऊन लाकडं रचत बसलो.

संध्याकाळी शेजारीण आली, गुडघे धरत धरत. हिच्या खाटेपाशी बसली, तोंडावरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाली, "अगं, ही माझ्या घरी हळदीकुंकवाला आली तरी करंजी हातात धरून आधी पुटपुटायची. हिची प्रार्थना कुठं झाली अजून? बिनप्रार्थनेचं ही खाईल व्हय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. घरात तीन ख्रिस्ती माणसं बसलेली, आणि हे सांगितलं कुणी, तर एकादशीवालीनं.

सुनेनं हात जोडले. ती शिकलेली आहे, तिची प्रार्थना सुरेख असते, शाळेत शिकवल्यासारखी. छोटीशी केली. आमेन झालं. चमचा पुढं केला. ओठ बंद.

"मामा," सून म्हणाली, "तुमी करा."

"मला येत न्हाई."

"आत्यांकडं बघा तरी."

बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. चांगला होता तो डावा हात तिनं मांडीवर ठेवला होता, आणि अंगठा पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरावर.

मी टोपी काढली. शेजारीण उठून जायला लागली, तिला बस म्हणालो. आता लाजून काय करायचं? म्हणालो, "देवबापा, मी बोलून राहिलो. जी रोज बोलायची तिला आज बोलता येत न्हाई. तवा आज माझं ऐक. पाऊस वेळेवर दे."

अंगठा सरकला.

मला वाटलं होतं चार वाक्यांत गाडी अडेल. अडली नाही. पाऊस झाला, हळद झाली. इतकी वर्षं भूक लागलेली असताना डोळे मिटून ऐकलेलं, ते सगळं आत जाऊन बसलं होतं. आपण ऐकत नाही असं मला वाटायचं. जनावरांचं म्हणून शेजारणीच्या गुडघ्यांवर आलो, तर अंगठा तिथंच. मी एक डोळा उघडून बघितला. काय राहिलं? मग ध्यानात आलं. "आन काळी शेळी सुखानं सुटू दे." अंगठा पुढं सरकला.

गुडघे झाले. शेजारणीनं नाक ओढलं. तांड्यावरची म्हातारी झाली, पोरगी झाली, पोराची वळणं झाली. करंगळीवर आलो. माझं पेर. आता आपलं आपणच कसं म्हणायचं? पण अंगठा वाट बघत होता. म्हणालो, "माझ्या डोक्यातला ताव कमी कर." सुनेनं पदर तोंडाला लावला, ते मला मिटल्या डोळ्यांनीही कळलं.

मग मी म्हणालो, "येशूच्या नावानं मागतो, आमेन."

सून चमचा घेऊन पुढं झाली. ओठ बंद. हिचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकलेला, आणि तिथून हलेना. तिला काय पाहिजे ते सुनेला कळलं नसेल. मला कळलं होतं.

मी उठून अंगणात गेलो. वाळत घातलेल्या हळकुंडांवर उन्हं उतरत होती. हळूहळू राग चढायला लागला. एवढी आजारी आणि त्यात हट्ट. अर्धं अंग गेलेलं, जीभ गेलेली, आणि एका अंगठ्यानं मला धरून ठेवलं. आमच्या दोघांत हट्टी कोण, असं कुणी विचारलं तर लोक माझ्याकडं बोट दाखवतात. लोकांना काय माहीत.

लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलो. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना भावाशी बिनसल्याची आठवण झाली, तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी भावाकडं जावं, मग येऊन द्यावं. दर वेळी उपदेशात ते आलं की मी चर्चच्या छताकडं बघायचो. वेदी म्हणजे ती, पांढरं कापड घातलेली, पाळकसाहेबांच्या पुढची. आपला काय संबंध? आता माझ्या घरात पेजेची वाटी खाटेपाशी ठेवलेली होती, निवत होती, आणि तोंड बंद केलेली एक बाई मला सांगत होती की वेदी ही आहे.

आत गेलो. सून पेज पुन्हा गरम करून घेऊन आली होती. मी खाटेच्या काठावर बसलो. अंगठा तिथंच.

"देवबापा," मी म्हणालो, "एक राहिलं." खोकला आला, खराखुरा. पाणी पिऊन पुन्हा म्हणालो. जोरानं म्हणालो, कारण म्हणायचंच तर तोंडातल्या तोंडात काहून? "माझ्या धाकट्या भावाला सांभाळ. त्याच्या घराला सांभाळ. आमेन."

तिनं अंगठा उचलला. आणि तोंड उघडलं. एका बाजूनं वाकडं, पण उघडलं.

पहिला चमचा अर्धा गळ्यावर सांडला. दुसरा नीट गेला. शेजारीण म्हणाली, "हळू गं माय." तिसऱ्या चमच्याला दारात सावली पडली.

धाकटा होता. मागं त्याची बायको, हातात झाकलेला तांब्या. मी सांगितलं ना, भिंत मातीची आहे.

तो चौकटीच्या आत आला नाही. म्हणाला, "माजं नाव घेतलं कुनीतरी."

"मी न्हाई," मी म्हणालो. "हिनं घ्यायला लावलं."

"रोज तुजा खोकला ऐकत होतो. दोन-तीन आठवडे झाले, वैनीचा आवाज न्हाई आन तुजा खोकला न्हाई. भाकर गोड लागून नाही राहिली."

"आत ये. दारात उजेड आडवून उभा राहिलास."

तो आत आला. खाटेच्या पायथ्याशी बसला आणि हिच्या सुन्न पायावर हात ठेवला. जावेनं तांब्यावरचं झाकण काढलं. चिंचेचं सार होतं, पातळ, गूळ घातलेलं. त्या वासानं हिचं तोंड पुन्हा उघडलं, कुणी चमचा पुढं करायच्या आधीच.

मी सार बघितलं आणि धाकट्याकडं बघितलं. तो म्हणाला, "धुऱ्यावरचीच हाय. माज्या चिंचेची."

"माझ्या चिंचेची."

"अवो, तिला गिळू द्या आधी," त्याची बायको म्हणाली.

त्यानंतर ही आणखी काही वर्षं राहिली. चालणं काठीवर आलं, बोलणं व्हय आणि न्हाई एवढंच आलं. त्या दोन शब्दांत तिचं सगळं भागायचं. प्रार्थना माझ्याकडं राहिली. ती बाजूला बसून अंगठा सरकवायची आणि मी चुकलो की थांबवायची. शेवटी शेवटी मला वाटायचं, मी चुकावं म्हणून वाट बघते. मग मी मुद्दाम काळ्या शेळीला विसरायचो.

आता ती नाही. काळी शेळीही नाही, तिची नात आहे, तिच्यासारखीच अडणारी. अंगठा माझा, पेरं माझी. तिचं काय करायचं, हा प्रश्न पडला होता. पाळकसाहेब म्हणाले, गेलेल्यांसाठी आपण मागत नसतो. मी म्हणालो, मागतो कुठं? सगळ्यात आधी, पावसाच्याही आधी, तिच्यासाठी उपकार मानतो आणि मग मोजायला सुरुवात करतो.

धाकटा आठवड्यातून दोन-चार वेळा संध्याकाळी इकडंच जेवायला बसतो. सून वाढते. प्रार्थना लांबते, वरण निवतं. पोरगा कधी कधी म्हणतो, "बाबा, आईपेक्षा जास्त लांबवून राहिले तुमी." मी त्याचं उत्तर प्रार्थनेतच देतो, म्हणजे त्याला बोलता येत नाही.

करंगळीच्या खालच्या पेरावर आलो की म्हणतो, "धाकट्याला सांभाळ. आन चिंच कुनाची ती त्याला समजू दे."

तिथं आता तो खोकतो.