कुत्र्यांचे लंघन

पुण्यात वैद्यकी सुरू करून मला तीन वर्षे झाली होती, तेव्हा पहिल्यांदा कुत्र्यांसाठी बोलावणे आले. बोलावणारे एक सरदार होते. त्यांची हवेली शहरात होती. शिकारी कुत्री मात्र नदीपलीकडे, येरवड्याच्या अंगाला असलेल्या त्यांच्या बागेत ठेवलेली असत. मी निरोप्याला म्हणालो, "मी माणसांचा वैद्य आहे."

"ते सरकारांना ठाऊक आहे," तो म्हणाला. "तरी बोलावलंय."

नकार द्यावा इतके रोगी तेव्हा माझ्याकडे येत नव्हते. मी गेलो.

घडले होते ते असे. सरदारांच्या खांद्याची जखम अजून भरत होती, म्हणून त्या दसऱ्याला ते मोहिमेवर न जाता पुण्यातच राहिले आणि करमणुकीसाठी त्यांनी चार पाहुणे बोलावून सशांची शिकार काढली. पण कुत्र्यांना पावसाळाभर काम नव्हते. त्यातच सरदारांच्या मातोश्रींना त्या मुक्या जनावरांचा फार कळवळा. चातुर्मासातल्या जेवणावळींचे उरलेले अन्न, पुरणपोळ्या, तूपभात, खीर, त्या रोज टोपलीतून बागेत पाठवीत. शिकारीच्या दिवशी ससा उठला, अकरा कुत्री त्याच्यामागे एक शेतभर धावली आणि धापा टाकत खाली बसली. ससासुद्धा थांबून मागे बघत होता म्हणतात. पाहुणे हसले, आणि ते सरदारांना फार लागले.

कुत्री सांभाळणारा येरवडा गावातला म्हातारा होता. वयाने माझ्या वडिलांएवढा, पण त्या काळच्या रीतीप्रमाणे मी त्याला अरेतुरे करीत असे. मी विचारले, "इतकं खायला का घालत होतास?"

"आईसाहेबांचं ताट माघारी कोन धाडनार? तुमी धाडलं असतं?"

मी कुत्री तपासू लागलो. नाडी कुठे पाहायची हेही मला ठाऊक नव्हते. म्हाताऱ्याने माझे बोट धरून एका कुत्रीच्या मांडीच्या आतल्या बाजूला नेऊन ठेवले. रोग कुणालाच नव्हता. त्यांच्या पोटात जात होते फार आणि खर्च होत होते थोडे. अशा माणसाला मी जे सांगितले असते तेच सांगितले. गोडधोड बंद, सकाळ-संध्याकाळ बाजरीची भाकरी आणि हाडांचे पाणी, रोज नदीपर्यंत चालणे आणि मधूनमधून एक दिवस निव्वळ पाण्यावर लंघन.

उपाशी ठेवण्याला मातोश्री काही केल्या तयार होईनात. शेवटी हवेलीच्या कारभाऱ्याने तो दिवस एकादशीचा ठरवून दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग चालेल. तेवढंच त्यांनाही पुण्य."

हे म्हाताऱ्याच्या कानावर गेले तेव्हा तो मला म्हणाला, "कुत्र्याला पोट हाय, वैद्यबुवा. पुन्य कुठलं?"

पहिल्या एकादशीला कुत्री दिवसभर अशी रडली की गावातली माणसे बागेच्या दारात येऊन विचारू लागली. पण पंधरवड्यात त्यांची पोटे आत गेली, पाय हलके झाले. सरदार खूश झाले. मीही झालो, हे लपवीत नाही. आपले शास्त्र कुत्र्यांनाही लागू पडते, असे मी दोन-तीन ठिकाणी बोलूनही आलो.

मग सरदारांच्या मनात आले की पुढची शिकार द्वादशीच्या सकाळी काढावी. "माणसं द्वादशीला पारणं करतात," ते म्हणाले. "कुत्र्यांनी सशानं करावं. भुकेलं कुत्रं जोरात धावेल."

एकादशीच्या सकाळी मी बागेत गेलो तेव्हा म्हातारा वाटच बघत होता. त्या अकरांत एक करड्या रंगाची कुत्री होती. धावण्यात सर्वांत तेज, आणि खाण्यात पहिल्यापासून बेताची. टोपलीतल्या पोळ्यांना ती तोंड लावीत नसे.

"धा जनांचं चालंल," तो म्हणाला. "ती अजून अंगानं सुटल्याली हायती. पर करडीच्या अंगावर काय हाय? हात लावून बघा. आनि उद्या तिला पळायचं हाय."

"एका दिवसानं काही होत नाही."

"तुमी सरकारांना सांगा. माझं ऐकत न्हाईत."

"एकीला सूट दिली की आईसाहेब सगळ्यांना मागतील. नियम सगळ्यांना एकच."

मी हात लावून पाहिले नाही. दोन पावलांवर ती बसली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर गावामागच्या माळावर ससा उठला. करडी सर्वांच्या पुढे निघाली. तीन शेतांएवढे अंतर तिने एकटीने कापले, सशाला दोनदा वळवले आणि तिसऱ्यांदा धरले. मग तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती कुशीवर पडली. मागून दहा उपाशी कुत्री आली. त्यांनी ससा फाडला आणि मग एकमेकांवर तुटून पडली. एकाचा कान अर्धा गेला. करडी थरथरत होती, डोळे उघडे होते पण समोरचे काही दिसत नसावे. म्हाताऱ्याने पागोटे भिजवून तिच्या अंगावर टाकले, कमरेचा गूळ पाण्यात कालवून तिच्या हिरड्यांना चोळला आणि तिला खांद्यावर घेतले.

सरदार घोड्यावरूनच ओरडले, "तुला चार कुत्र्यांना नीट खायला घालता येत नाही?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. त्याच दिवशी त्याला कुत्र्यांवरून काढून पागेत गवत वाहायला लावले.

दोन दिवस मी रोगी पाहिले आणि चूर्णे कुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी हवेलीवर गेलो. सरदार खांद्याला तेल चोळून घेत होते.

"सरकार, कुत्री उपाशी ठेवायला मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "करडीला वगळा, असं म्हातारा म्हणत होता. मी ऐकलं नाही."

"हे त्या दिवशी माळावर बोलला असतात तर बरं झालं असतं."

"हो."

"का नाही बोललात?"

"भ्यालो."

त्यांनी तेल लावणाऱ्याला थांबवले. "बरं आहे. म्हाताऱ्याला परत बागेत जायला सांगा," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा."

पागेत जाऊन मी ते सांगितले आणि माझी चूक झाली असेही म्हणालो. त्याने गवताचा भारा खाली ठेवला, अंग झटकले आणि म्हणाला, "चला मग. करडीला सकाळपासनं कोनी पाजलं नसंल."

त्या दुपारी त्याने माझा हात एकेका कुत्र्याच्या बरगड्यांवरून फिरवला. ज्याची बरगडी दाबूनही सापडत नाही, त्याचे जेवण एखाद्या दिवशी चुकवले तर चालते. ज्याची सहज बोटाला लागते, त्याचे चुकवायचे नाही. पिल्लांना पाजणारी, म्हातारी, दुखण्यातून उठलेली, यांना कधीच नाही. आणि कामाच्या आदल्या दिवशी कुणालाच नाही. पोटभर खाऊ घालून लगेच पळवायचे मात्र नाही. हे त्याला कुणी शिकवले, असे मी विचारले. तो म्हणाला, "कुत्र्यांनी. दुसरं कोन शिकवनार?"

पौषापर्यंत दहाही कुत्री अंगाबेताची झाली. करडी वाचली, पण पुन्हा शिकारीला गेली नाही. पुढच्या वर्षी तिला चार पिल्ले झाली.

कुत्र्यांना लंघनाने गुण आला का, असे मला अजून विचारतात. मला सांगता येत नाही. त्याच सुमारास पुरणपोळ्या बंद झाल्या होत्या आणि रोज नदीपर्यंतचे चालणे सुरू झाले होते. यांतले कशाने काय झाले, हे वेगळे करून पाहण्याची बुद्धी मला तेव्हा नव्हती.

शहरात मात्र मला काही दिवस कुत्र्यांचे वैद्य म्हणत. एकदा एक मेंढपाळ दारात आला आणि विचारू लागला, "कुत्रं उपाशी ठिवलं तर राखन चांगली करंल का?"

मी म्हणालो, "कुत्रं घेऊन ये."

"कुत्रं कशाला? मी सांगतो की."

"नको. आण."

दुसऱ्या दिवशी तो घेऊन आला. कुत्र्याची प्रत्येक बरगडी लांबूनच मोजता येत होती. त्याला दोन वेळा भाकरी घाल, असे मी सांगितले आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले.