तिसरी ओळ

नववीत ठवकर सरांनी माझ्या हातात खडू दिला अन् प्राचीच्या हातात डस्टर. तिथंच माझं काम तमाम झालं.

सर आज पहाटे गेले.

सर आम्हाला शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. मशीन कमी, पोरं जास्त. म्हणून की-बोर्डला हात लावायच्या आधी प्रोग्राम उभं राहून करून दाखवावा लागायचा.

"तू ए. ही बी. तुहा खडू तिले, तिचा डस्टर तुले. हात म्हंजे डबा, अन् एका डब्यात एकच वस्तू मावते. करा अदलाबदल."

मी सरळ खडू तिच्या हातात कोंबला. डस्टर खाली. अख्खा वर्ग हसला.

"काय घाई होती बे? तिच्या हातात आधीच काही आहे, हे पाह्यलं काय तू?"

मग सर स्वतः मधे उभे राहिले. सी म्हणून. रिकामा हात पुढे.

"आधी तुहं मले दे. मंग तिचं तू घे. मंग माह्याजवळचं तिले."

तीन ओळींचा प्रोग्राम. सी बरोबर ए, ए बरोबर बी, बी बरोबर सी.

इंजिनिअरिंगला मी प्राचीच्या मागेच गेलो. तिच्या आयुष्यात आधीच कोणी होतं. तेव्हाही नाही पाहिलं. कँटीनमध्ये त्याची कॉलर धरली, अन् सेकंड इयरलाच कॉलेज सोडलं.

सर बसस्टॉपवर भेटले. लेक्चर नाही, काही नाही.

"शाळेच्या लॅबमध्ये येत जा. पोरायले शिकव."

"सर, मी स्वतः ड्रॉपआउट आहो."

"मंग? प्रोग्राम अर्ध्यात अटकला त कॉम्प्युटर फेकून देते काय कोणी?"

जात राहिलो.

परवा नववीला हाच प्रोग्राम होता. सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या अन् छाती धरून खुर्चीत बसले.

"तिसरी तू लिही गा."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होतो.

आज शोकसभा झाली, शाळा सुटली. लॅब बंद करायला गेलो तर फळा तसाच. सरांचं अक्षर. दोन ओळी.

दारात नववीच्या दोन पोरी. चपला काढून उभ्या.

"दादा, ते अर्धंच राह्यलं."

खूप थकलो आहे यार. खरंच. वाटलं, फळा पुसावा अन् निघावं. अर्ध्यात निघायची मला सवयच आहे.

खडू उचलला. लिहिलं. बी बरोबर सी.

"समजलं?"

"नाही. करून दाखवा ना."

एकीला खडू दिला, दुसरीला डस्टर. मधे उभा राहिलो. रिकामा हात पुढे केला.

"आधी तुहं मले दे."

बरोबर झालं. पोरी हसल्या, चपला घातल्या अन् गेल्या.

सर, तुमचं आहे माझ्याजवळ. पोचवतो ज्याचं त्याले. या आता.

फळा नाही पुसला.

एसी बंद केला, लाइट बंद केले, बाहेर आलो अन् दार लावलं.