खालच्या न्हाणीघराचा नकाशा

हात थरथरायला लागला तेव्हा आल्ट्येने पहिली शिवी डॉक्टरला घातली आणि दुसरी हाताला. ग्रोनिंगन शहराजवळच्या एका खेड्यात फुटबॉलच्या मैदानावर वर्षानुवर्षं चुन्याच्या रेषा आखणारी बाई ती. दोरी ताणायची, गाडी ढकलायची आणि चिडक्या पंचांनाही बोट ठेवायला जागा द्यायची नाही. आता मात्र तिचा कप बशीत खडखडला की माणसं चटकन खिडकीबाहेर बघायची. त्या सभ्यपणाने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि त्यात तिचं काय चुकलं?

न्हाणीघर वरच्या मजल्यावर आणि जिना शिडीसारखा उभा. तिचा मुलगा रोलोफ फरश्या बसवायचं काम करतो. एका रविवारी तो म्हणाला, "आई, म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक जागा रिकामी होतेय. मी तुझं नाव दिलंय."

"मला न विचारता? लाज नाही वाटली?"

"जिन्यावरून पडशील एक दिवस."

"मग न्हाणीघर खाली आणते. मागच्या खोलीत."

"तेवढ्याशा खोलीत तुझा वॉकर तरी वळेल का? नकाशा काढून दाखव. बसत असेल तर फरश्या मी लावतो, फुकट. नसेल तर तुझ्या वाढदिवसानंतर त्या जागेला होकार कळवायचा."

त्या हाताने नकाशा होणार नाही, अशी त्याची खात्री होती. आल्ट्येला ते कळलं, म्हणूनच ती हो म्हणाली.

घरांचे नकाशे काढायचा एक फुकटातला प्रोग्राम तिने कॉम्प्युटरवर घेतला. पहिल्या दिवशी माऊस असा नाचला, की भिंतींच्या जागी कोंबडीने उकरल्यासारखं दिसत होतं. मग तिला एक युक्ती सापडली. डाव्या हाताने शिफ्टचं बटण दाबून धरलं, की रेष आडवी जाते नाहीतर उभी, वाकडी जातच नाही. आणि कोपऱ्याजवळ आली की आपणहून कोपऱ्याला चिकटते. उजवा हात किती का नाचेना! आल्ट्ये एकटीच मोठ्याने हसली.

वाढदिवसाला तिथल्या रीतीप्रमाणे खुर्च्यांचं गोल कडं झालं. आलेला प्रत्येकजण प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन करत होता, रोलोफचंसुद्धा, जणू त्यानेच आईला जन्म दिला होता. केकचा एकेक तुकडा वाटून झाल्यावर आल्ट्येने नकाशाचा कागद हातोहात फिरवला.

"अगं, छापल्यासारखा दिसतोय!" शेजारचा हार्म म्हणाला.

रोलोफने नकाशा निरखून पाहिला, खिशातून मोजायची टेप काढली आणि तो मागच्या खोलीत गेला. कॉफीचे कप घेऊन सगळं कडं त्याच्या मागे.

"आई, तुझी भिंत सरळ आहे. ही नाही." इथली जमीन दलदलीची, घरं खचतात. बाहेरची भिंत खिडकीकडे चार बोटं आत आली होती. आल्ट्येने एकाच टोकाला माप घेतलं होतं आणि बाकीची भिंत प्रोग्रामने सरळ ओढून दिली होती. "वॉकर तू खिडकीकडे वळवलायस. तिथे वळणार नाही तो." मग तो हळूच म्हणाला, "सोमवारी होकार कळवतो."

सगळे कप घेऊन परत खुर्च्यांकडे वळू लागले.

"टेप गुंडाळू नकोस. धर ते टोक," आल्ट्ये म्हणाली.

तिने दोन्ही टोकांची मापं घेतली आणि सगळ्यांसमोर कॉम्प्युटरपाशी बसली. तिरकी भिंत काढायची तर शिफ्ट सोडायला हवं होतं. तिने ते सोडलं. रेष सैरावैरा उड्या मारू लागली, आणि माणसं खिडकीबाहेर बघू लागली.

"इकडे बघा!" ती गरजली. "बाहेर काय आहे? हात हलतोय, बघून घ्या एकदाचा!"

सगळ्यांनी पाहिलं. मग तिने माऊस बाजूला सारला आणि दोन्ही मापं एका बोटाने दाबत, चुकत, पुन्हा दाबत भरली. भिंत तिरकी झाली, खऱ्या भिंतीइतकीच. बेसिन तिने अरुंद टोकाला ढकललं आणि वॉकर वळायला लागणारं वर्तुळ दाराकडे आणलं. ते बसलं. भिंतीला घासून, पण बसलं.

रोलोफने स्वतः माप ताडून पाहिलं. "आणि तरी पडलीस तर?"

"तर माझ्या घरात पडेन, तू लावलेल्या फरशीवर. तेव्हा जरा खरखरीत लाव."

रोलोफने टेप गुंडाळून खिशात टाकली. मग त्याने विचारलं, "कुठल्या रंगाची?"