अक्काच्या खोलीवरची वटवाघळं

आमच्या मद्रासच्या घरात वटवाघळं होती, आणि खरं सांगते, ती आम्हांला कधी नडली नव्हती. एग्मोर स्टेशनमागच्या गल्लीतलं भाड्याचं घर. वर मंगळुरी कौलं, कौलांखाली लाकडी तक्तपोशी, आणि दोन्हींच्या मधल्या अंधाऱ्या पोकळीत त्यांचं बिऱ्हाड. दिवे लागायच्या सुमाराला मागच्या वळचणीच्या फटीतून ती एकेक करून सुटायची आणि डास टिपत फिरायची. वास यायचा, नाही म्हणत नाही. मागच्या खोलीत काळ्या बारीक लेंड्या पडायच्या. आई रोज झाडायची आणि रोज करवादायची, पण त्यांना हाकला असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

ते निघालं अक्काच्या सासूच्या तोंडून. अक्का माझी थोरली बहीण, कुंभकोणमला दिलेली. तिचं पहिलं मूल सासरीच झालं आणि जन्मताच गेलेलं निघालं. ती पुन्हा गरोदर राहिली तेव्हा सासूने आईअप्पांना समोर बसवून सांगितलं, "हे मूल हाती लागलं तर बरं. नाहीतर तुमची मुलगी तुमच्याकडे ठेवून घ्या." असं बोलायला त्या काळी कुणाला लाज वाटत नसे, आणि ऐकणाऱ्यालाही उलट बोलायची सोय नसे. बाळंतपण आता माहेरी करायचं ठरलं होतं. एका लग्नासाठी ती बाई मद्रासला आली तेव्हा आमचं घर बघून गेली. मागच्या खोलीत मान वर करून म्हणाली, "वटवाघळांखाली गर्भारशी झोपवणार? शिव शिव! आधी ही अवदसा काढा, मग मी सून पाठवते."

आता काढायची म्हणजे कशी? आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहून आम्ही आपली बंधनं सोडली नाहीत आणि त्यांचीही उचलली. सवलती मात्र कुणाच्याच घेतल्या नाहीत. मुलगी पोटुशी असली की तिच्या आईबापाने जीव मारायचा नाही, हे एक. आणि दुसरं, गर्भारशीने उंबरा ओलांडला की घराला खिळा ठोकायचा नाही आणि ठोकलेला उपसायचा नाही. उपसला तर पोटातलं मूल निसटतं म्हणे. म्हणजे वटवाघळं मारायची नाहीत आणि जे काय करायचं ते अक्का यायच्या आत करायचं.

शेजारचे मामा म्हणाले, मिरच्यांची धुरी द्या, पटापटा पडतील खाली. अप्पांनी कानांवर हात ठेवले. माझे वडील एका कचेरीत कारकून होते आणि असे मऊ की साखरेतल्या मुंग्या निवडून खिडकीत सोडायचे. आई म्हणायची, यांना डास चावला तर हे डासाची माफी मागतील. ते संध्याकाळी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले आणि वटवाघळं कुठून निघतात ते नीट बघून ठेवलं. मग मला म्हणाले, "मारायची गरजच काय? ती आपणहून बाहेर पडतात. परतायला वाट नसली की दुसरीकडे घर बघतील. आपण नाही का बघत?"

त्यांची युक्ती तशी शहाणपणाची होती. फटीच्या वरच्या अंगाला गोणपाट ठोकायचं आणि खाली मोकळं सोडायचं. आतलं वटवाघूळ घसरून बाहेर येतं, बाहेरच्याला आत शिरता येत नाही. सगळी गेली की फळी ठोकून फट बुजवायची. पण पंचांगात अक्का यायच्या आधी फळी ठोकायला एकच चांगला दिवस निघाला. म्हणून आदल्या संध्याकाळी गोणपाट टांगलं. सगळी निघून गेली. सकाळी राहुकाळ टाळून अप्पांनी स्वतः फळी ठोकली, तक्तपोशीला कान लावला, काही ऐकू आलं नाही, आणि हात झटकत खाली उतरले. "एकाही जिवाला धक्का न लावता," असं ते गल्लीभर सांगून आले. इतकं खूश मी त्यांना क्वचित पाहिलं असेल.

चैत्र चालू होता. वटवाघळांना तेव्हा पिल्लं असतात. आया त्यांना आत टांगून ठेवतात आणि खायला बाहेर जातात. हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारावं असं पंचांग बघणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नाही.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीने अक्का आली. आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या, पाय धुतले आणि तिला त्या स्वच्छ झालेल्या मागच्या खोलीत निजवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना वरून बारीक चिरचिर ऐकू यायला लागली. आई म्हणाली, "उंदीर शिरले असतील."

अक्का आढ्याकडे बघत पडली होती. म्हणाली, "उंदीर नव्हेत आई. पिल्लं आहेत."

आम्ही अंगणात गेलो तर फळीवर चार-पाच वटवाघळं भर उजेडात चिकटून बसलेली. उजेडात वटवाघूळ बाहेर बसतं का कधी? फळीच्या कडेने ती तोंड घासत होती, फट शोधत होती. कावळे जमले. एक तर माझ्या डोळ्यांदेखत उचललं. मी दगड मारून कावळे हाकलत राहिले. अक्का पोटावर हात ठेवून उभी होती, ती आत जाईना.

अप्पा आंघोळ करून आले तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, फळी काढा."

अप्पांनी वर पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना कळलं होतं. पण म्हणाले, "आता नाही गं बाळ. तू घरात आलीस."

"मी शेजारी जाऊन बसते तोवर."

"वेड लागलंय का?" आई मध्येच कडाडली. "बाळंतपणाला आणलेली पोर कुठेही बसली तरी याच घरची. एकदा हात पोळलेत तेवढे पुरे नाहीत का?"

"उपाशी मरतायत गं ती, आई."

"मी मारलं नाही कुणाला," अप्पा पुटपुटले. "मी एकालाही मारलं नाही."

माझं तोंड तेव्हाही असंच होतं. मी म्हटलं, "मामांच्या धुरीने एका तासात मेली असती. तुमच्या दयेने दिवस दिवस मरतायत." आईने फाडकन माझ्या मुस्काटात दिली. अप्पा ताटावर बसले आणि भात चिवडून उठले. मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या डब्यात मी मुद्दाम लोणचं ठेवलं नाही. आज वाटतं, बिचाऱ्याने करावं तरी काय? वर टाहो होता आणि खाली स्वतःची मुलगी. त्याने मुलगी निवडली.

चिरचिर चालूच राहिली आणि बारीक होत गेली. अक्का म्हणायची, "ऐक, कालच्यापेक्षा कमी आहेत." मी कानांत बोटं घालायची. ती घालत नसे. पहिल्या बाळाचा आवाज तिने ऐकलाच नव्हता, ते रडलंच नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच तिला हा आवाज सोडवेना.

मग एका दुपारी, अप्पा कचेरीत आणि आई कॉर्पोरेशनच्या नळावर असताना, अक्काने नारळ सोलायचा कोयता घेतला आणि मला म्हणाली, "स्टूल धर." आठ महिन्यांचं पोट घेऊन ती स्टुलावर चढली. आमची वळचण ठेंगणी होती, हात पोचला. कोयत्याचं टोक फळीखाली घालून तिने जोर दिला. मी म्हटलं, "अक्का, मला देवाची भीती वाटतेय गं." ती म्हणाली, "मला नाही वाटत? धर घट्ट." खिळे कुरकुरत निघाले. फळी पडली, तिच्यामागून लेंड्यांची धूळ आणि वाळून कोळ झालेली पिल्लं पडली. अंगठ्याएवढी. त्यांना अजून नीट लवही आली नव्हती. आत हात घालून तिने चाचपलं आणि म्हणाली, "आहेत गं काही. हलतायत."

त्या संध्याकाळी आया परत आल्या. अगदी थोड्या. फटीतून आत गेल्या आणि पिल्लू छातीशी घेऊन एकेक बाहेर पडली ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. तिन्हीसांजेला आम्ही दोघी अंगणात उभ्या राहून बघत होतो. अक्का रडत होती आणि हसतही होती. अप्पा कचेरीतून आले, त्यांनी जमिनीवरची फळी पाहिली, खिळे पाहिले. फळी न्हाणीमागे ठेवली आणि त्या दिवशी पोटभर जेवले. आई मात्र देवापुढे कपाळ टेकून बसली होती.

अक्काला मुलगी झाली. डोकंभर जावळ, नखं कशी रेखीव, आणि श्वास नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, नाळ गळ्याभोवती बसली होती, यात कुणाचा दोष नाही. पण डॉक्टरीणबाईंचं ऐकतो कोण? फळीची गोष्ट गल्लीला माहीत होती, म्हणजे ती कुंभकोणमला पोचायला कितीसा वेळ लागणार!

सासू आली. पायावर पाणीही न घेता ओसरीवर उभी राहून तिने एकच विचारलं, "खिळा कुणी उपसला?"

अक्का आतल्या दाराला धरून उभी होती, पांढरीफटक. ती काय उत्तर देणार ते मला कळलं, आणि त्या उत्तराने तिचं काय होणार तेही. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात अप्पा पुढे झाले.

"मी," ते म्हणाले. "मला त्या जिवांची दया आली. मीच उपसला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्यासी स्वतः फासावर चढला. मी ओरडणार होते, आईने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. अप्पांनी अक्काकडे बघून मान अगदी जराशी हलवली. बोलू नकोस.

सासूने त्यांना वाटेल ते ऐकवलं. नातीचा जीव घेतलास म्हणाली. मग म्हणाली, "बाप असा निघाला त्याला पोरगी काय करणार? सुनेला मी घेऊन जाते. पण या घराची पायरी ती पुन्हा चढायची नाही." अप्पांनी हात जोडले आणि "बरं" म्हणाले.

अक्काला सासरी पुढे दोन मुलगे झाले. ती खरोखरच आली नाही. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा तार केली, गेले तेव्हाही केली. तिला पाठवलं नाही.

पुष्कळ वर्षांनी तंजावरला एका मुंजीत आम्ही दोघी भेटलो. मी भांडायच्याच तयारीने गेले होते. म्हटलं, "मुलगे झाले, तुझं आसन पक्कं झालं, मग तरी सासूला खरं सांगून टाकायचंस. अप्पा जिवंत होते तेव्हा."

"सांगितलं होतं गं," अक्का म्हणाली. "थोरल्याच्या बारशालाच सांगितलं. त्या म्हणाल्या, बापाला वाचवायला खोटं बोलतेस."