शेजारणीची साक्ष

"अवं, तुझी शेजारीण कुठं हाय? तिले बोलाव पहिले!"

मेश्राम मॅडम लॅपटॉपवर ओरडत होत्या. आवाज एवढा, की आमच्या प्रताप नगरातल्या ऑफिसखालचा चहावाला धावत जिना चढला आणि मला म्हणाला, "कोणाचं भांडण होऊन राहिलं, भाऊ?" मी म्हटलं, भांडण नाही, नोकरीची मुलाखत आहे. पडद्यावर फिलिपिन्समधली मारिसेल नावाची मुलगी भेदरून बसली होती. त्या दिवशी इंटरनेट बंद असतं, तरी मॅडमचं बोलणं तिला अक्षर न् अक्षर ऐकू गेलं असतं, हे मी शपथेवर सांगतो.

आमची कंपनी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करायची. तिकडचे डॉक्टर गिऱ्हाईक झाले, तेव्हा त्यांच्या भाषेत फोन उचलणारी माणसं तिकडचीच हवी होती, घरून काम करणारी. ती निवडायची मॅडमनी. इंग्रजी त्यांना चांगली यायची, पण अंगात आलं की थेट नागपुरीत शिरायच्या आणि मला म्हणायच्या, "सांग ना गा तिले!" असा मी दुभाषी झालो.

प्रमाणपत्रं, आधीच्या साहेबांची शिफारसपत्रं त्या बाजूला सारत. "साहेब पीडा टळावी म्हणून गोड लिहिते. शेजारीण कायले खोटं बोलन?" सावनेरला त्यांच्या घरच्या सोयरिकी अशाच जमत: मुलगी पाहायच्या आधी शेजारचं घर गाठायचं. तोच कायदा त्यांनी समुद्रापार लावला. होता होता अर्ध्या फिलिपिन्समधल्या शेजारणी त्यांना नावानिशी ओळखू लागल्या. तिथं निवडणुकीला उभ्या राहिल्या असत्या, तर समोरच्याचं डिपॉझिट जप्त!

मारिसेलची शेजारीण काखेत कोंबडा घेऊन आली. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मुलगी कामाची आहे, गाते मात्र भयंकर. आईला दमा आहे, तेव्हा नोकरी टिकणारी हवी. कोंबड्यानंही दुजोरा दिला. मॅडमनी शेजारणीचा नंबर वहीत लिहून घेतला आणि मारिसेलला म्हणाल्या, "सहा महिन्यानं तुले पक्की करू. मेश्रामबाईचा शब्द हाय."

मॅडमना जाऊन आता दोन वर्षं झाली. आमच्या मुलाखती हल्ली इतक्या गुपचूप होतात, की खालचा चहावाला विचारतो, कंपनी चालू आहे ना? अशा वेळी मला मारिसेलच्या नोकरीचा अकरावा महिना आठवतो.

सहा महिने कधीच उलटले होते. दर सोमवारी मॅडम आमच्या तरुण मालकांना, आशिष सरांना, मारिसेलच्या कायम नोकरीच्या पत्राची आठवण करायच्या, आणि दर सोमवारी सर म्हणायचे, "करू ना, मॅडम." त्यातच तिकडचं एक मोठं हॉस्पिटल गिऱ्हाईक म्हणून आमच्याकडे यायला आठवडा उरला असताना मारिसेल गायब झाली. फोन नाही, मेल नाही. तीन दिवस.

"करारात स्पष्ट लिहिलंय," सर म्हणाले. "न सांगता तीन दिवस गैरहजर, की करार रद्द."

"वादळ आलं असन, सर. लाइन गेली असन. माझी पोरगी अशी नाही."

"मॅडम, दुसरी बघा."

"तिले काढलं तर मीबी चालली." मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली, वही उघडली आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर शेजारणीला फोन लावला.

"वादळ?" शेजारीण म्हणाली. "छे, इथं लख्ख ऊन आहे. मारिसेल सोमवारपासून शहरातल्या एका कंपनीत जाते. तिथं ती कायम आहे, आईच्या दवाखान्याचंही ते बघतात. तुम्हाला सांगायची तिला लाज वाटते. तुमचं नाव निघालं की रडते."

सर हसले. "काय मॅडम, शेजारीण खोटं बोलत नाही ना?"

"नाही बोलत," मॅडम म्हणाल्या. "खोटं मी बोलली. सहा महिने म्हणलं होतं." पर्स खांद्यालाच ठेवून त्या खुर्चीत बसल्या. हिमालय खचताना मी पाहिलेला नाही, पण तो असाच खचत असणार.

सरांचं हसू मावळलं. माणूस वाईट नव्हता, नुसता चालढकल्या होता. त्यांनी स्वतः बसून पत्र टाइप केलं: नोकरी कायम, आईच्या उपचारांसकट. छापलं, सही केली आणि मॅडमसमोर ठेवलं. "लावा फोन तिला."

मारिसेलनं या वेळी उचलला. सॉरी, सॉरी म्हणत हुंदके द्यायला लागली.

"तू काहून सॉरी म्हणून राहिली वं? चूक आमची हाय. पत्र तयार हाय तुझं."

मी भाषांतर केलं. मग ती म्हणाली, पण मॅडम, इथं मी निदान वर्षभर राहायचा शब्द दिलाय. तरी तुम्ही म्हणाल तसं करते.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सर मान हलवून खुणावत होते, बोलवा, बोलवा.

"शब्द देल्ला ना? मंग पाळ," मॅडम म्हणाल्या. "अन् आईले जप." आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू आवाजात बोलल्या; मला पलीकडं मोठ्यानं सांगावं लागलं.

फोन ठेवताच सरांनी कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, तुम्हीच तिला जायला सांगितलंत! आता दुसरी मुलगी शोधावी लागणार, आणि ह्या पत्राचं मी काय करू?"

मॅडमनी पर्स खांद्यावरून उतरवली.

"नाव बदला."